पिवळा थर

“हे आभाळ इतकं निळं कुठून आलं?” आईने विचारलं.

छापखान्याच्या टेबलावर भविष्य बघायच्या टॅरो पत्त्यांचा अख्खा कॅट मांडला होता. बाबांनी तरुणपणी रंगवलेली मोठाली चित्रं, आता तळहाताएवढी झालेली. लेकीचं लक्ष मात्र पत्त्यांपेक्षा आईच्या चेहऱ्याकडे. बाबा गेल्यापासून आईने त्यांच्या एकाही चित्राकडे धड पाहिलं नव्हतं. या पत्त्यांच्या निमित्ताने तरी बघेल, म्हणून तर तिने हा सगळा घाट घातला होता.

“मुळात असंच होतं, काकू,” छापखानेवाला खुशीत म्हणाला. “वर नुसता पिवळा थर चढला होता. संगणकावर अलगद काढून टाकला. काल रंगवल्यासारखं वाटतंय की नाही?”

वाटत होतं खरं. ‘तारा’ नावाच्या पत्त्यावर एक बाई सुरईतून पाणी ओतत होती. ती बाई म्हणजे आईच, विशीतली. पाण्याचा थेंबन् थेंब मोजून घ्यावा इतकी स्वच्छ छपाई. आईने पत्ता उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि चक्क नाकाला लावला.

लेकीला हसू फुटलं. “वास कसला घेतेस गं?”

“शाईचाच येतोय,” आई म्हणाली. “तो पिवळा थर कसला होता, माहितीये? तुझ्या बाबांच्या सिगारेटी! चित्रांखाली बसून फुंकत राहायचे. मी जन्मभर कानीकपाळी ओरडले, अहो, निदान खिडकी तरी उघडा! पण ऐकतील तर शपथ.”

“मग बरंच झालं की, गेला एकदाचा तो धूर,” छापखानेवाला म्हणाला.

आईचे डोळे भरून आले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं वाटून लेकीने घाईघाईने पत्ते गोळा करायला घेतले.

“राहू दे आई, नाही छापत आपण.”

“नाही कशी? छापायचे!” आईने पदराने डोळे टिपले. “आणि विकायचे ते असेच छापा हो. लोक त्यात आपलं भविष्य बघणार, त्यांना लख्ख दिसू दे.”

ताऱ्याचा पत्ता तिने परत टेबलावर ठेवला.

“मला मात्र एक कॅट धुरासकट काढून द्या.”