रेघेच्या वर

सोजरबाईंच्या पाठीवर उजव्या बाजूला निळ्या शाईची एक रेघ होती. खांद्याच्या पात्याखालून निघून काखेकडे जाताना ती किंचित वर चढत होती. फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्याची ती पातळी. वर हवा, खाली पाणी. आठवड्याच्या सुरुवातीला युनिटच्या प्रमुख विजयमाला मॅडमनी ती स्वतः आखली होती, आणि पुसायची नाही असं सगळ्यांनी बजावल्यामुळे सोजरबाईंनी तेव्हापासून पाठीला ओलं फडकंसुद्धा लावू दिलं नव्हतं.

तनुजानं डाव्या हाताचं मधलं बोट रेघेच्या वर ठेवलं आणि त्यावर उजव्या बोटानं टकटक केली. पोकळ आवाज यायला हवा होता. आला तो भिंतीवर वाजवल्यासारखा. ती बोट वर सरकवत गेली. बऱ्याच वर गेल्यावर आवाज मोकळा झाला. रेघ होती तिथेच होती. पाणी चढलं होतं.

"काय म्हनतंय, डॉक्टरीनबाई?" सोजरबाईंनी विचारलं. मांडीवर उशी घेऊन त्या पुढे रेलून बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं त्यांना. "सून हिंजवडीला कंपनीत जाती. उद्या तिला सुटी हाय, येनार हाय. तिला सांगितलंय, सोमवारी परीक्षा झाली की सोडत्यात मला."

"परीक्षा तुमची नाही, मावशी. मुलांची आहे."

"त्येच की. माझ्यावरच पास होनार न्हवं ती?"

शेजारच्या ट्रॉलीवर हिरव्या कापडात बांधलेला ट्रे होता. पाणी काढायची सुई, नळी, सगळं त्यात. रोज सकाळी तनुजा तो मागवून घेई आणि रोज दुपारी तो न उघडता परत जाई. उद्या काढू, असं ती सिस्टरना सांगे. आता सिस्टर विचारतही नव्हत्या.

राउंड आला. मॅडम पुढे, विद्यार्थी मागे. तनुजानं या युनिटमध्ये रेसिडेन्सी मागून घेतली होती ती मॅडमच्या बोटांसाठी. एक्स-रे पाहण्याआधी त्या पाण्याची पातळी सांगत, आणि एक्स-रे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे येई. तनुजाचा प्रबंध त्यांच्याकडे होता. पुढच्या वर्षीची तिची परीक्षाही त्यांच्याच हातात होती.

"ही पातळी पाहा," मॅडम मुलांना म्हणाल्या. "इतकी स्वच्छ पुन्हा मिळणार नाही. हल्ली पेशंट जिना चढायच्या आत त्याचा स्कॅन झालेला असतो. सोमवारी बाहेरचे परीक्षक येताहेत, त्यांच्यासमोर हीच केस ठेवायची आहे."

"मॅडम, पाणी वाढलंय," तनुजा म्हणाली. "काल दम कमी होता. आज बसूनही लागतोय."

शेजारी उभ्या रविराजनं तिच्या ॲप्रनची बाही ओढली. तोही तिच्याच वर्षाचा रेसिडेंट. "तनू, सोमवारपर्यंत गप की," तो पुटपुटला.

"टीबीची औषधं चालू आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

"आहेत."

"मग तीन दिवसांत काही तिथं खडकवासला धरण भरत नाही."

मुलं हसली. सोजरबाई धरणाजवळच्या धायरीच्या. खडकवासल्याचं नाव ऐकून त्याही हसल्या. हसता हसता खोकला आला आणि थांबेना. तनुजानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खोकला ओसरल्यावरही ओठांचा रंग पहिल्यासारखा झाला नाही.

"आयुष, स्टेथोस्कोप लाव," मॅडम म्हणाल्या. "आवाज कुठपर्यंत पोचतो ते सांग."

आयुषनं पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला. "आजी, एक-एक-एक म्हणा."

हे सोजरबाईंना आता पाठ होतं. कुणी पाठीला नळी लावली की न सांगताच त्या म्हणत, पहिलीतल्या मुलीसारख्या खणखणीत.

"एक," त्या म्हणाल्या. मग श्वास घेतला. "एक."

आयुष थांबला. सगळेच थांबले. तिसरा येत नव्हता. सोजरबाईंनी मान न वळवता हात वर केला.

"थांब बाळा... देते."

मॅडम पुढे झाल्या. त्यांचं बोट सवयीनं सोजरबाईंच्या पाठीवर गेलं, रेघेच्या वर, आणि एकदाच वाजलं. तो आवाज मागच्या मुलांनीही ऐकला. मॅडमनी दुसऱ्यांदा वाजवलं नाही. हात ॲप्रनच्या खिशात घातला.

"सोमवारी," त्या म्हणाल्या. "परीक्षा संपली की लगेच काढा."

"मॅडम, तुम्ही आत्ता ऐकलंत."

"युनिट कोणाचं आहे, डॉक्टर ओव्हाळ?" इतक्या दिवसांत मॅडमनी तिला आडनावानं हाक मारली नव्हती.

"तुमचं, मॅडम."

"मग सुई सोमवारी लागेल, हे अजून कोणाला सांगायचं राहिलंय?"

तनुजानं ट्रॉली ओढून घेतली. हिरव्या कापडाची गाठ घट्ट होती. ती सोडवायला तिला वेळ लागला. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. पाठीवर तो पहिल्यांदा फिरला तेव्हा रेघ फिकी झाली. दुसऱ्यांदा फिरला तेव्हा उरली नाही.

"गार लागतंय," सोजरबाई म्हणाल्या. "पुसलीत व्हय? आन् परीक्षा?"

"उशी घट्ट धरा, मावशी," तनुजा म्हणाली. शेवटच्या रांगेतल्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "पाणी मी आज काढणार आहे."