हवालदाराचं दहावं

टीव्हीवरच्या झॉम्बींच्या मालिकेत काल हवालदार मेला आणि पुन्हा उठून चालू लागला, तेव्हा साखरशेत गावातला सगळा पाडा किंचाळला. कीर्तनाला पुढच्या रांगेत बसणारी गौरा मात्र हळहळली. “दहावं घातलं नाय कुणी बिचाऱ्याचं. मग तो उठून हिंडंल नाय तर काय!”

सकाळी तिने खरोखरच अंगणात पानावर भाताचा घास ठेवला. सून योगिता हसली, पण तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. तिचा नवरा हरेश ठाण्याला बांधकामावर गेलेला, आणि कालपासून फोन उचलत नव्हता.

कावळे कौलावर येऊन बसले, पण घासाला शिवेनात.

“काकी, त्याला नाचणीची भाकर हवी असंल,” शेजारचा रूपेश कुंपणावरून म्हणाला. गौराने भाकरही आणून ठेवली. कावळे हलले नाहीत.

“तुझ्या नावानं कीर्तन ठेवीन रं बाबा,” तिने हात जोडले. तरी एकही उतरला नाही. शेवटी दहाव्याला सगळेच म्हणतात तसं ती म्हणाली, “जीव अडकवू नको. तुझ्या बायकोला न् लेकराला मी सांभाळीन.”

त्यासरशी एक कावळा खाली झेपावला आणि घास घेऊन उडाला. रूपेशने टाळ्या पिटल्या. गौराने समाधानाने डोळे मिटले. योगिताने मात्र कडेवरचं लेकरू घट्ट धरलं.



मालिकेतल्या त्या हवालदाराचं लग्नच झालं नव्हतं.