तिसऱ्या डब्यातला चंद्र

“बाई, या खोलीत दुपारी रात्र असते. काडीएवढाही उजेड चालायचा नाही,” असं प्रयोगशाळेतल्या मावशींनी नव्या संशोधिकेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “फोनचा उजेड तो केवढा, मावशी!” म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं.

आता त्या खोलीतला तिसरा डबा बाहेरच्या टेबलावर तिच्यासमोर उघडा होता. पाण्यावर तिळाएवढे आठ नर मरून तरंगत होते. मधोमध एक मादी, कोशातून अर्धीच बाहेर आलेली.

या समुद्रमाशा. ओहोटीच्या खडकांवर राहायचं म्हणून माद्यांनी लाखो वर्षांत पंख टाकले, असं तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. मादीला कोशातून सोडवायलाही नरच लागतो. आणि बाहेर आल्यावर आयुष्य दोन-तीन तासांचं. म्हणून अळ्या पाण्याखालून चांदण्याचा अंदाज घेतात आणि मोठ्या ओहोटीला सगळ्या मिळून बाहेर पडतात. त्या खोलीत चंद्र म्हणजे भिंतीवरचा छोटा दिवा. महिन्यातून चार रात्री लागणारा.

तिने दुसरा चंद्र आणला होता. कडी लागेल अशी तीच एक खोली, म्हणून रोज दुपारी ती तिथे आपल्या तान्ह्या बाळाला पाजायची. पाजून झालं की फोनचा उजेड पाडून त्याची छाती हलतेय ना ते बघायची. एकदा बघून भागायचं नाही. घरी रात्रभरही हेच, डोळा म्हणून लागायचा नाही. काही अळ्यांनी भिंतीवरचा चंद्र धरला, काहींनी तिचा. कुणी काल बाहेर आलं, कुणी आज. गाठच पडली नाही.

“दिव्याचा टायमर बिघडला असेल,” मावशी घाईघाईने म्हणाल्या.

“टायमर मी तपासलाय.” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “त्यांचे खडक बंदराच्या नव्या धक्क्याखाली गेले. तिथल्या माशा आता एवढ्याच उरल्यात. उजेड कोणी केला?”

“मी.”

मॅडमनी डब्यात पाहिलं. मावशींनी पाहिलं. शेजारचा शिपाईसुद्धा डोकावून गेला.

तिने बारीक कुंचल्याने कोश सोडवला. मादी बाहेर आली आणि पाण्यावर नुसती पडून राहिली. खांद्यावर बाळ झोपलं होतं. सवयीने तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी डब्यापाशी येत होतं. “एखादा नर आला का गं?” ती नकारार्थी मान हलवायची. मग ते निघून जायचे.

तुमच्याही कामाच्या जागी अशी एखादी कडी लावलेली खोली असेल. जाता-येता दार वाजवा. दिवा लावू नका. फक्त विचारा, बाई, तू शेवटची झोपलीस कधी?