इस्त्रीची मूठ
क्षणात स्टीलला भोक पाडणारा लेसर सुनेने दोन वर्षं खपून शिलाईमशीनएवढ्या पेटीत बसवला होता. परीक्षकांची अट एकच: एकट्याने तो तिसऱ्या मजल्यावर नेऊन, चालवून, लगेच खाली आणायचा, नाहीतर काम बंद. निघायच्या सकाळी सून पेटी उचलायला वाकली. पेटीला मूठच नव्हती. “आई, दोन्ही वर्षं ती टेबलावरच होती.” “टेबलावरचं उचलायची सवय तुला आहेच कुठे?” म्हणत सासूबाईंनी तीस वर्षं लोकांचे कपडे कडक केलेल्या कोळशाच्या इस्त्रीची लाकडी मूठ काढून पेटीवर बसवली. संध्याकाळी सून हसतच परतली. “भोक पडलं. पेटी अशी तापली, परीक्षकांची बोटं भाजली. मूठ मात्र गार. कुठल्या प्रयोगशाळेतली, विचारत होते.” “मग?” “म्हटलं, सासूबाईंच्या.” “आता नवी इस्त्री आण. तिला मूठ आहे का, ते दुकानातच बघ.”