घराची चावी

गल्लीभराची कुलपं उघडणारा चावीवाला आईला शेवटचं पोहोचवून परतला आणि स्वतःच्याच दारापुढे अडकला. निघायच्या गडबडीत कुणीतरी दार ओढून लॅच लावलं होतं. चावी कुणाकडेच नव्हती. कधी लागलीच नव्हती. पायरीवर पाऊल वाजलं की म्हातारी दार उघडायची, वर उशिराबद्दल चार शब्द सुनावायची. “चावी कशाला हवी? मी काय मेलेय?” म्हणत तिनं घराची चावी त्याला करूच दिली नव्हती. आता तो तारेनं लॅच चाळवत होता. दोन मिनिटांचं काम, पण तार सारखी निसटे. तो उठायचा, दोन येरझाऱ्या घालायचा, पुन्हा बसायचा. मागे घरचे ताटकळले होते. धाकट्या बहिणीनं सवयीनं बेल दाबली, लगेच पुन्हा दाबली. तो खेकसला, “अगं, दम धर की जरा! गुडघे दुखतात आईचे, यायला वेळ लागतो.”