कोरड्या विहिरीचा भागाकार

“आमच्या गावाफुडं शून्य हाय, ते कशाचं?”

“टँकरचं, मावशी.”

कवठाळीची सरपंच नागुबाई मटकन खाली बसली. नवा जिल्हा झाला तसा कचेरीला रंग लागला, बोर्ड लागला, टँकर वाटायला एक प्रोग्राम आला. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला.

प्रोग्रामपुढं सिंधू बसायची. मुरुडची पोरगी, नुकतीच कामाला लागलेली.

“शेजारच्या बोरतळ्याला चार टँकर अन् आमाला शून्य? त्यांच्या विहिरीत अजून बेडकं पवतात, लेकी. आमच्या विहिरीत सरडे बी न्हाई राहिले.”

“तेच तर झालंय.” सिंधूनं आवाज खाली आणला. “हा प्रोग्राम गावच्या माणसांना विहिरीतल्या पाण्यानं भागतो. पाणी कमी, तर उत्तर मोठं, टँकर जास्त. पण तुमचं पाणीच शून्य. शून्यानं भागता येत नाही. तो अडतो.”

“माणूस अडला की दुसऱ्याला इचारतो.”

“ह्यानं विचारू नये म्हणून बनवणाऱ्यानं एक ओळ घालून ठेवलीय. अडलास तर बोंबलू नको, उत्तर शून्य धर आणि पुढं जा.”

“म्हंजे तहानेनं मेलेलं गाव ह्याच्या हिशेबानं पाणी पिऊन ढेकर देऊन राहिलं.”

“हो ना.”

“अन् वीतभर पाणी असतं तर?”

“तर तुमचं गाव सगळ्यांच्या वर. मावशी, परवा या. साहेबांशी बोलते मी. करते काहीतरी.”

नागुबाईनं जन्मात इतके ‘परवा या’ ऐकले होते, की एकाला एक बांधले असते तर दोर विहिरीच्या तळाला टेकला असता. ती उठून गावाकडं निघाली.

गावात येऊन तिनं पारावर माणसं गोळा केली. सकाळी तलाठी विहीर मोजायला येणार होता.

“घरटी एक घागर,” ती म्हणाली. “विहिरीत वतायची.”

“बाई, ऊन लागलं का तुला?” केवळाबाईनं विचारलं. “प्यायचं पाणी विहिरीत? अन् आमी काय प्यावं, तुझा प्रोग्राम?”

“आज वतलं तर परवा टँकर. न्हाई वतलं, तर तुझी सून बाळंत झाल्यावर तिच्या तोंडाला काय लावशील?”

सुनेच्या बाळंतपणाला केवळाबाईनं पिंपभर पाणी झाकून ठेवलं होतं. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या हातानं झाकण काढलं.

गावातला ज्ञानोबा विहिरीत उतरला. तळाच्या खड्ड्यात त्यानं शेततळ्याचा जुना प्लास्टिक कागद अंथरला, म्हणजे जमीन थेंब चोरणार नाही. मग घागरी एकामागं एक खाली गेल्या. लेकरं काठावर बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकत होती.

सकाळी तलाठ्यानं दोराला दगड बांधून सोडला, वर ओढला, ओला भाग चाचपला. “वीतभर,” म्हणाला आणि मोबाईलवर आकडा टाकला. “पाणी लागलं म्हणायचं कवठाळीला.”

“लागलं की,” नागुबाई म्हणाली.

जाताना त्यानं तांब्याभर पाणी मागितलं. सगळं गाव एकमेकांकडं बघायला लागलं.

“आज निर्जळी उपास हाय गावाला,” केवळाबाई म्हणाली.

परवा उजाडला. केवळाबाईची सून कळा देत होती. पुन्हा कुणी मोजायला आलं तर, म्हणून टँकर येईस्तवर विहिरीतल्या पाण्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि घरात ओठ ओले करायलाही काही नव्हतं. नागुबाई कचेरीत पोचली तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली होती. आवारात भरलेले टँकर ओळीनं उभे बघून तिच्या पायात जीव आला.

सिंधू दारातच भेटली. डोळे तारवटलेले, पण हसत होती.

“मावशी, केलं बघा. साहेबांशी भांडले आणि ती ओळच बदलून टाकली. आता अडला की प्रोग्राम शून्य धरत नाही, त्या गावाचं नाव सगळ्यांच्या आधी घेतो. होते नव्हते तेवढे टँकर आज कोरड्या विहिरींना निघालेत.”

बाहेर पहिला टँकर फाटकातून गेला.

“आमचा कितवा?” नागुबाईनं विचारलं.

सिंधू खुर्चीत बसली. तिनं कवठाळीचं नाव टाकलं, पडद्याकडं बघितलं, आणि तिचं हसू आणखी रुंद झालं.

“सांगितलं नाही तुम्ही, मावशी. तुमच्या विहिरीला तर पाणी आलंय.”