वाटीभर शिळं

“वहिनी, आईच्या खाण्यापिण्यावर जरा लक्ष ठेव. तापातून उठल्यापासून तिचं काही खरं नाही.”

नणंदेनं फोनवर असं सांगितलं, तेव्हा सुनेनं ते हसण्यावारी नेलं. लांब राहणाऱ्यांची काळजी फोनवर फार उतू जाते, असं तिचं मत होतं.

आता मात्र फ्रिज उघडायचा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

नवऱ्याचा पगार कापला गेला आणि सासूबाईंनी फतवा काढला, या घरात अन्नाचा कण वाया जाणार नाही. मग काय, वाट्यांवर वाट्या. एकीत चमचाभर डाळ, दुसरीत कडेनं पिवळा पडलेला भात, तिसरीत बटाट्याच्या बुळबुळीत फोडी. झाकणांना आतून घाम सुटलेला. खालच्या कप्प्यात पालेभाजीचा काळा चिखल.

“आपल्याकडे फ्रिज नाही, वस्तुसंग्रहालय आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मग तिकीट लाव. तेवढाच घरखर्चाला हातभार.”

त्याहून वाईट सासूबाईंची खोड. सून सकाळी डोळे चोळत ओट्याजवळ आली, की उघडी वाटी थेट तिच्या नाकाखाली.

“बघ गं, वास येतोय का?”

“तुम्हीच बघा ना, आई.”

“तुझं नाक तिखट आहे.”

येतोय म्हणावं, तर सुनेनं चांगलं अन्न फेकायला लावलं असं होणार. आणि खरोखर हुंगावं, तर दिवसभर तोंडात मळमळ. म्हणून ती श्वास रोखायची, मान वळवायची आणि म्हणायची, “नाही येत.” ज्याला खायचं त्यानं खावं.

टिल्लीचं तेवढं वेगळं. लेकीला नुकतंच वरचं अन्न सुरू झालं होतं, आणि सून ऑफिसात गेली की ती दिवसभर आजीजवळ. ते फ्रिजमधलं काही पोरीच्या पोटात गेलं तर, या धास्तीनं सुनेला काम सुचायचं नाही. म्हणून टिल्लीचा मऊ डाळभात ती स्वतः रात्री शिजवून ठेवायची. पिवळा डबा, बदकाच्या आकाराचं झाकण.

“आई, टिल्लीला यातलंच द्यायचं. वाट्यांमधलं काही नको.”

“नाही गं बाई. माझी नात आहे ती.”

एकदा किल्ली विसरली म्हणून ती जिन्यातून परत आली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हातात पिवळा डबा. टिल्लीच्या रबरी चमच्यानं त्या डाळभात खात होत्या, घाईघाईनं, ओठ पुसत.

आम्हाला शिळं, आणि पोरीचं ताजं चोरून स्वतःला! वर तो चमचा तोंडात घालून पुन्हा बाळाला!

“तुझी आई टिल्लीच्या तोंडचा घास खाते,” तिनं नवऱ्याला सांगितलं.

“चव बघत असेल.”

“चमचे चमचे?”

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

मग ती लंगोटाची संध्याकाळ. दारातच सुनेला भपकारा आला. टिल्लीचा लंगोट भरून मांडीपर्यंत ओघळ आलेले, कडा वाळलेल्या. आणि तिला तशीच कुशीत घेऊन सासूबाई गाणं म्हणत होत्या. बाहीलाही लागलेलं.

“शी! आई, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?”

“अगं बाई! आत्ताच केलेलं दिसतंय.” सासूबाई गोंधळून उठल्या.

आत्ताच! सुनेनं लेकीला उचललं आणि न्हाणीघरात नेऊन साबण लावून लावून धुतलं. सासूबाईंच्या हातचं पाणीही त्या दिवशी तिच्या घशाखाली उतरेना.

“उद्या मी पाळणाघर बघून येते,” जेवताना तिनं जाहीर केलं. सासूबाईंचा घास हातात राहिला.

त्या रात्रीही तिनं टिल्लीचा डाळभात शिजवला. निवला की फ्रिजमध्ये टाकू म्हणून डबा ओट्यावरच ठेवला. तेवढ्यात टिल्ली रडली, तिला थोपटता थोपटता सुनेचाही डोळा लागला.

सकाळी उशीर झाला. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती, तर पुन्हा नाकाखाली काहीतरी आलं.

“बघ गं, वास येतोय का?”

“नाही हो, नाही येत!” तिनं मान वर न करताच सांगितलं.

दुपारी ती पाळणाघराची जागा नक्की करूनच घरी आली. दार उघडलं आणि आंबट दर्पानं तिला मागं ढकललं. सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यात बादली धरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. फरशीवर ओकारीचा ओघळ. पाळण्यात टिल्ली भुकेनं किंचाळत होती.

“काय खाल्लंत? कुठल्या वाटीतलं?”

सासूबाईंनी ओट्याकडे बोट केलं. तिथं वाटी नव्हती. पिवळा डबा होता, अर्धा रिकामा. बदकाचं झाकण बाजूला.

सुनेनं डबा नाकाशी नेला. या वेळी श्वास रोखला नाही. डाळीला तार सुटली होती, वर फेस होता, आणि वास मेंदूपर्यंत चढला. डबा रात्रभर ओट्यावरच राहिला होता.

“हे टिल्लीला भरवलंत?” ती पाळण्याकडे धावली.

“तिला कसं देईन?” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “रोज सकाळी आधी मी खाते. दुपारपर्यंत मला काही झालं नाही, तरच तिला.” त्यांनी तोंड पुसलं आणि सुनेकडे पाहिलं. रागावून नाही, नुसतंच न समजून. “पण तू तर म्हणालीस ना गं, वास येत नाही?”

तुमच्याही घरी कुणी अशी वाटी पुढे करत असेल, तर वाटी राहू द्या. लसणाची एक पाकळी ठेचा, त्यांच्या नाकाशी धरा, आणि त्यांना वास येतोय का, ते बघा.